सीमाभागातील उद्योग : मालकी कोणाची, मेहनत कोणाची?

सीमाभाग म्हटला की आपल्याकडे चर्चा सुरू होते ती भाषेची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. या प्रश्नावर सभा, संमेलने, ठराव आणि बंद यांची कधी वाण पडली नाही. पण सीमेच्या दोन्ही अंगांना माणसे पोट कशावर भरतात, त्या धंद्याचा मालक कोण आणि राबणारा कोण, हा प्रश्न त्या गर्दीत क्वचितच उभा राहतो. मी पुण्यात अर्थशास्त्र शिकवतो. माझे आजोळ कागल तालुक्यातले. तिथून निपाणी जवळ आणि कोल्हापूर लांब. आजोळच्या माणसांची सोयरीक, बाजार आणि मजुरी या तीनही गोष्टी सीमारेषेला न विचारता चालत आल्या आहेत. म्हणून या भागाच्या अर्थव्यवहाराकडे नकाशाच्या बाजूने न पाहता हातांच्या बाजूने पाहावे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

कोल्हापूर जिल्हा हा या मांडणीचा मध्य धरू. बारा तालुके, २०११ च्या जनगणनेप्रमाणे ३८ लाख ७६ हजार वस्ती, तीत अनुसूचित जाती सुमारे १३ टक्के. दक्षिणेला आणि पूर्वेला बेळगाव जिल्हा लागलेला. महाराष्ट्रातल्या सधन जिल्ह्यांची नावे घेताना कोल्हापूरचे नाव आधी घेतले जाते, आणि ते खोटे नाही. ऊस, साखर, गूळ, दूध, सूत, ओतकाम, चांदी, चप्पल असा हा भरलेला संसार आहे. प्रश्न एवढाच की या संसारात आपल्या माणसाला बसायला पाट कुठे मिळाला.

कोणताही उद्योग उभा राहायला चार गोष्टी लागतात : जमीन, भांडवल, पत आणि श्रम. ज्याच्याजवळ पहिल्या तीन असतात तो चौथी विकत घेतो. ज्याच्याजवळ फक्त चौथी असते तो ती विकतो. हे साधे सूत्र हाताशी ठेवून एकेका धंद्याकडे पाहू.

या भागाच्या उद्योगाचा पाया राजर्षी शाहूंच्या काळात पडला, ही गोष्ट सर्वांना मान्य आहे. १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसली आणि गुळाच्या व्यापाराला घर मिळाले. १९०६ साली कोल्हापुरात सूत व कापड गिरणी निघाली. पुढे भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले गेले. बाजार, गिरणी आणि पाणी यांची ही दूरदृष्टी सगळे सांगतात. पण त्याच राजाने १९०२ साली नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या आणि १९१८ साली महारवतन मोडून त्या जमिनी रयताव्याने दिल्या, हे अर्थव्यवस्थेच्या प्रकरणात कोणी सांगत नाही. ते 'समाजसुधारणा' या वेगळ्या प्रकरणात टाकले जाते. माझ्या मते ही मोठी लबाडी आहे. वेठबिगारीच्या मोबदल्यातली जमीन मोकळी करून कसणाऱ्याच्या नावावर लावणे हा शंभर टक्के आर्थिक निर्णय होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्याची दुरुस्ती मांडली, आणि कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडावे लागले. शाहूंच्या संस्थानात जे १९१८ साली झाले त्याला उरलेल्या मुलखात आणखी चाळीस वर्षे लागली.

तरीही या जमिनी तुकड्या-तुकड्यांच्याच होत्या. वाटण्या होऊन त्या गुंठ्यांवर आल्या. आणि नेमकी इथेच साखरेची गोष्ट सुरू होते. सहकारी साखर कारखानदारीचा पहिला नमुना १९५० साली प्रवरेला उभा राहिला. विठ्ठलराव विखे आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ही त्यामागची नावे. खाजगी सावकारी भांडवलापुढे शेतकऱ्यांची एकजूट, ही कल्पना मोठीच होती. पण या सहकाराचा सभासद कोण? ज्याच्या शेतात ऊस आहे तो. ऊस कोणाच्या शेतात? ज्याच्या जमिनीला पाणी आहे त्याच्या. म्हणजे सहकाराच्या दारावर जातीची पाटी नव्हती, पण सात-बाराची होती, आणि सात-बारावर जात आधीच लिहिलेली होती. कारखान्याबरोबर पतपेढी आली, जिल्हा बँक आली, शाळा-कॉलेज आले, पुढे आमदारकी आली. या साखळीची पहिली कडी ज्याच्या हाती नाही त्याच्या हाती शेवटचीही आली नाही.

ऊस तोडायला मात्र जमीन लागत नाही, कोयता लागतो. हंगामाच्या तोंडाला मराठवाड्यातून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. दोन माणसांचे मिळून एक अवजार! मुकादम उचल देतो, ती हंगामभर फिटत नाही, उरलेली पुढच्या वर्षावर चढते. या टोळ्यांत वंजारी आहेत, तसेच महार-मांगही मोठ्या संख्येने आहेत. खाडा झाला तर दंड, म्हणून पाळीच्या त्रासाला कंटाळून बायांनी गर्भाशय काढून घेतल्याच्या घटना बीड जिल्ह्यातून २०१९ साली उजेडात आल्या आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. साखरेच्या उताऱ्यात कोल्हापूर पुढे, असे आपण अभिमानाने वाचतो. या उताऱ्याच्या आकड्यात तो कोयता कुठेच दिसत नाही.

इचलकरंजीची हकीकत थोडी निराळी आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी त्या धंद्याला आश्रय दिला. पुढे घरोघर माग झाले. जे सुताचा आणि कापडाचा व्यवहार करतात ते व्यापारी वर. त्यांच्याकडून सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे 'खर्चीवाले' मागधारक मध्ये. आणि सर्वांच्या खाली माग चालवणारे, कांड्या भरणाऱ्या बाया, वहिफणी करणारे. खर्चीवालाही अनेकदा कर्जात असतो, हे मान्य केले पाहिजे. मालक आणि मजूर एवढ्या दोनच रंगांत हे चित्र रंगवता येत नाही.

येथे एक जुनी गोष्ट तरुण वाचकांसाठी सांगणे जरूर आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणाईखात्यात घेत नसत. धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि तो धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडाला लागला तर विटाळ! विणाईखात्यात पगार जास्त, म्हणून विटाळही तिथेच जास्त. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हा प्रश्न रोखठोक विचारला. कामगारांची एकजूट हवी असेल तर आधी हे दार उघडा, असे त्यांचे म्हणणे होते. आता मागाला धोटाच राहिला नाही, अशी यंत्रे आली आहेत. सूत ओढायचे तोंड संपले. पण माग विकत घेण्यासाठी बँकेला तारण दाखवावे लागते ते आजही लागते.

ओतकामाबद्दल थोडक्यात सांगतो. म्हादबा मेस्त्रींसारख्या कसबी माणसांनी इंजिने दुरुस्त करता करता हा धंदा रुजवला. उद्यमनगरातून तो शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींत गेला. पंपाचे, मोटारीचे लोखंडी भाग येथून देशभर जातात. आपल्या मुलांनी सीमाभागात जो काही नियमित पगार पाहिला तो बहुतांशी या भट्ट्यांच्या सावलीत, आयटीआयच्या राखीव जागांच्या जोरावर पाहिला. पगार आहे, त्याबरोबर वाळूची धूळही आहे. पण हातात प्रमाणपत्र असलेला मोल्डर आणि हातात नुसता कोयता असलेला मजूर यांत अंतर पडते. शाळेने पाडलेले हे अंतर कमी लेखू नये.

आता सीमा ओलांडून निपाणीला येऊ. माझ्या मामांच्या भाषेत सांगायचे तर 'पलीकडे' जाऊ. निपाणी म्हणजे तंबाखू. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगलोर रस्ता अडवला आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात माणसे मारली गेली. त्या बलिदानाबद्दल कोणाच्याही मनात आदरच असेल. पण तंबाखूची गोष्ट शेतकऱ्याच्या भावापाशी संपत नाही. शेतातून आलेला माल वखारीत जातो. तिथे तो कुटायचा, चाळायचा, पाखडायचा. हे काम बायांचे. दारे-खिडक्या बंद, कारण वाऱ्याने जर्दा उडाला तर मालकाचे नुकसान. तो छातीत गेला तर मालकाचे काही जात नाही. माझी एक मावशी या वखारीत होती. घरी आली की तासभर तिच्याजवळ कोणाला बसवत नसे. शिंका आणि खोकला. वखारीचे नाव सांगण्यात अर्थ नाही, सगळ्या वखारी सारख्याच होत्या. सौंदत्तीच्या यल्लमाला सोडलेल्या आपल्या कितीतरी मुली याच वखारींत राबून जगल्या. सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या आरंभी निपाणीत या बायांची संघटना उभी राहिली, तेव्हा मजुरीच्या बरोबरीने त्यांनी मागितली ती माणसासारखी वागणूक.

विडीचे काम वखारीतून घरात गेले. पत्ता भिजवायचा, कातरीने बेतायचा, जर्दा भरायचा, वळायचा, सुताने बांधायचा, तोंड मोडायचे. हजारावर मजुरी. ठेकेदार मोजून घेताना काही विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढतो. छाटाची मजुरी मिळत नाही, पण छाट विडीही परत मिळत नाही! हे शोषण इतके जुने आहे की विडी वळणारी बाई त्याला शोषण म्हणत नाही, रीत म्हणते. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीसाठी विडीवर उपकर बसला. त्या निधीतून दवाखाना, घर आणि मुलांना शिष्यवृत्ती मिळे. आपल्या कित्येक विद्यार्थ्यांची पुस्तके त्या शिष्यवृत्तीतून आली आहेत. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर गेला. आता जे मिळेल ते सरकारच्या अंदाजपत्रकाच्या मर्जीवर. १९६६ चा कायदाही नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. कार्यकर्त्यांनी हे दोन बदल नीट समजून घ्यावेत. ज्या बाईजवळ विडी कामगाराचे ओळखपत्र नाही तिला जुना कायदाही लागू पडत नव्हता आणि नवाही पडणार नाही.

आणि येथे सीमेचे खरे काम दिसते. किमान वेतन प्रत्येक राज्य आपापले ठरवते. तेव्हा मजुरी एका बाजूला वाढली की विडीचा कारखानदार पत्ता आणि जर्दा दुसऱ्या बाजूला धाडतो. त्याला यंत्र हलवावे लागत नाही, इमारत हलवावी लागत नाही. एक टेम्पो पुरतो. भाषेसाठी जी सीमा अभेद्य आहे ती भांडवलाला उघडा दरवाजा आहे. हे केवळ तर्काने म्हणत नाही. १९६८ साली केरळ सरकार विडी कामगारांचा कायदा लागू करू लागले तेव्हा मंगळूरच्या मोठ्या कंपनीने कण्णूरमधले आपले काम बंद केले आणि हजारो माणसे रस्त्यावर आली. त्यांनी काय केले? १९६९ च्या फेब्रुवारीत स्वतःची सहकारी संस्था काढली. तीच 'दिनेश विडी'. तिथे सभासद होण्यासाठी उसाचा सात-बारा लागत नव्हता, विडी वळणारा हात लागत होता. पुढे विडीचा खप उतरला तेव्हा त्या संस्थेने खाद्यपदार्थ आणि इतर मालही काढला. सहकार हा शब्द आपल्याकडे एकाच अर्थाने रूढ झाला आहे. त्याचा हा दुसरा अर्थही होता आणि तो शेजारच्याच किनाऱ्यावर उभा होता.

मला सर्वांत जास्त लिहायचे आहे ते चपलेबद्दल, कारण या सगळ्या उद्योगांत हाच एक असा आहे की ज्याची विद्या पूर्णपणे आपली आहे.

जुन्या गावगाड्यात मेलेले जनावर ओढणे महारांकडे, कातडे कमावणे ढोरांकडे, चप्पल शिवणे चांभारांकडे, आणि वाद्या-दोर मांगांकडे होते. एका चपलेत चार जाती आणि चारही एकमेकींच्या पंगतीला न बसणाऱ्या. श्रमांची विभागणी वेगळी आणि श्रमिकांची विभागणी वेगळी, हा जो फरक बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवला तो समजायला चपलेइतके चांगले उदाहरण मला वर्गात दुसरे सापडलेले नाही. कातडे चुन्याच्या पाण्यात टाकून केस काढायचे. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवायचे. कातड्याची पिशवी शिवून तीत ते पाणी भरून टांगायची. त्यातून तळ तयार होतो. मग पट्टा, अंगठा, कान, आणि वर बारीक वेणी. खिळा कुठेच नाही. शिवण कातडी वादीची. तळ कापणे पुरुषाचे काम, वेणी घालणे बहुधा बाईचे. कागल तालुक्यातल्या कापशी गावाने तर चपलेच्या एका घाटाला आपले नाव दिले.

'कोल्हापुरी' म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे सीमेपलीकडे अथणी, निपाणी, मदभावी येथे तयार होते. कोल्हापूरच्या सुभाषनगरातला कारागीर मराठी बोलतो, अथणीचा कानडी. दोघांची रापी एकाच आकाराची. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा सरकारांनाही हे कबूल करावे लागले : महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना ते मिळून दिले गेले. सर्वोच्च न्यायालयात एकमेकांसमोर उभी असलेली दोन राज्ये चपलेच्या कागदावर शेजारी-शेजारी सही करून बसली आहेत. नोंद आहे ती दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे.

आपल्या चळवळीत या धंद्याविषयी दोन मते आहेत, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. १९२७ च्या महाडनंतर मेलेली गुरे ओढणे आणि ते मांस खाणे सोडण्याची हाक गावोगाव गेली. महारांनी ते सोडले, त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. ज्यांनी सोडले त्यांना, जे शिवणकामात राहिले ते मागे राहिलेले वाटतात. जे राहिले त्यांना, आपल्या हातच्या कलेला कमीपणा येतो असे वाटते. माझे मत असे : घाण आणि वेठ सोडणे बरोबरच होते, पण विद्या सोडायची की तिची मालकी घ्यायची, हा वेगळा प्रश्न आहे. सुताराने करवत सोडली नाही, तो फर्निचरचा कारखानदार झाला. आपल्या माणसाला मात्र रापीबरोबर विटाळ चिकटला. त्याने चप्पल शिवली आणि दुकान दुसऱ्याने थाटले.

त्यात आता कातड्याचेही वांधे झाले आहेत. २०१५ साली महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, कर्नाटकातही कायदा कडक झाला. २०१६ च्या जुलैत गुजरातेत ऊना येथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी भर रस्त्यात मारले. तेव्हापासून कातड्याची गाडी नेणारा सुद्धा भीत-भीतच नेतो. गावातल्या कमावणीच्या कुंड्या सुकत चालल्या. कमावलेले चामडे बाहेरून, मद्रासकडून येते. म्हणजे कच्चा मालही परक्याचा आणि बाजारही परक्याचा. मधली सुई तेवढी आपली.

अशा वेळी जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरी 'प्राडा' या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात आपल्याच चपलेच्या घाटाची पादत्राणे मांडली, कोल्हापूरचे नावही न घेता. ओरड झाल्यावर प्रेरणा कुठून घेतली ते कबूल केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली; न्यायालयाने ती जुलैत फेटाळली, कारण ज्यांच्या नावे मानांकन आहे त्यांनी दाद मागायला हवी होती, इतरांनी नव्हे. डिसेंबरमध्ये कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला. सुमारे २,००० जोड महाराष्ट्र आणि कर्नाटकात बनवून घ्यायचे, एका जोडाची किंमत ८०० युरोच्या आसपास, असे जाहीर झाले. वृत्तपत्रांनी याला कोल्हापूरचा विजय म्हटले. असेलही. पण मला त्यात आमच्या कागलच्या वखारीचा वास येतो. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर मी एक जोड घेतला आणि पुढे निपाणीला गेलो तेव्हा ओळखीच्या कारागिराला त्याची किंमत सांगितली. तो नुसता हसला आणि तळाला लागलेले चामडे हाताने दाबून पाहू लागला. मिलानची किंमत सांगण्याचे मी टाळले.

तेव्हा करायचे काय, हे विद्यार्थी विचारतात. भाषणापेक्षा कायदा वाचा, असे मी म्हणतो. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा आहे. त्याच्या नोंदवहीचे दोन भाग असतात. 'अ' भागात मानांकनाचा नोंदणीधारक मालक, म्हणजे आपल्या बाबतीत ही दोन महामंडळे. 'ब' भागात 'अधिकृत वापरकर्ते', म्हणजे तो माल प्रत्यक्ष तयार करणारे. ज्याचे नाव 'ब' भागात आहे त्याला ते मानांकन आपल्या मालावर लावता येते आणि कोणी नक्कल केली तर स्वतः न्यायालयात उभे राहता येते. ज्याचे नाही तो स्वतःच्या चपलेचा साक्षीदारसुद्धा नाही. आठ जिल्ह्यांतल्या 'ब' भागात किती नावे शिवणाऱ्यांची आहेत आणि किती दुकानदारांची, हे एकेका तालुक्यात बसून मोजले पाहिजे. आणि त्यांत वेणी घालणाऱ्या बाया किती? बहुतेक घरांत अर्ज भरला गेलाच तर तो नवऱ्याच्या नावे भरला जातो, कारण 'कारागीर' म्हणजे कापणारा, अशी आपलीही समजूत आहे. अर्ज चेन्नईच्या कार्यालयात जातो. २०२० पासून त्याची फी १० रुपये आहे.